पगाराची सात तारीख आणि पडेगावची सीताफळं

सात ऑगस्ट, गुरुवार, सकाळ. स्थळ : छावणीजवळच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. हजर : रेखावहिनी, फुलंब्रीहून पहिल्या बसने आलेले त्यांचे दीर सुभाष, पडेगावच्या शेडवर काम करणाऱ्या शबानाभाभी आणि मी. वहिनींची मुलगी तेजू पुण्याहून निघाली होती, अजून वाटेतच होती. आत विलास दाभाडे होते... माझे टाइम ऑफिसातले सहकारी. आमची टेबलं बावीस वर्षं एकमेकांना लागून होती. डॉक्टर बाहेर आले आणि वहिनींकडे न बघता सुभाषकडे बघून बोलले, तेव्हाच आम्हाला कळलं. मी वहिनींचा हात धरला. तेवढ्यात माझा फोन वाजला. पगार जमा झाल्याचा मेसेज होता. पाठोपाठ वहिनींच्या पर्समधूनही तसाच आवाज आला. तो दाभाडेंचा फोन. आदल्या संध्याकाळी बँकेला पगाराची फाइल त्यांनीच पाठवली होती, सगळ्या कंपनीची, त्यात त्यांचा स्वतःचाही पगार होता.

"काय आलं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार...

वाळूजच्या ज्या कारखान्यात आम्ही नोकरीला लागलो, तिथे पगाराच्या खात्याला सगळे टाइम ऑफिसच म्हणत. गेटजवळची खोली, खिडकीला जाळी, बाहेर कायम कुणीतरी उभं. "माझा परवाचा ओव्हरटाइम कुठं गेला?" हा प्रश्न दिवसाला किती वेळा यायचा ते विचारू नका. मी उत्तर देताना नियम सांगायची. दाभाडे आधी समोरच्याला बसायला स्टूल द्यायचे. "बसा मामा. ओव्हरटाइम कुठं पळून जात नाय. सापडंल." आणि सापडायचाही. मग मी टोमणा मारायची की तुमच्या स्टुलामुळे रांग वाढते. ते मला यादीबाई म्हणायचे, कारण माझ्या टेबलावर सकाळी कामांची यादी लिहिलेली असते आणि संध्याकाळपर्यंत ती खोडून झालेली असते. "यादीबाई, आज आमचं नाव हाय का यादीत?" असं विचारत ते डबा उघडायचे.

पगाराचं काम करणाऱ्यांचा महिना इतरांसारखा नसतो. पंचवीस तारखेला हजेरी बंद होते आणि सात तारखेला पगार झालाच पाहिजे. या मधल्या दिवसांत रजा नाही, लग्न नाही, गावची जत्रा नाही. आम्हाला हे कुणी लिहून दिलं नव्हतं. ते अंगवळणी पडलं होतं. दाभाडेंचं स्वतःचं लग्न चौदा तारखेला झालं, घरभरणी अकराला, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नऊला. तेजू तेवढी तीन तारखेला जन्मली. ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "पोरीला नियम माहीत नव्हता. सांगू हळूहळू." पेढे वाटून झाल्यावर ते परत हजेरी तपासायला बसले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मीही तशीच होते आणि आजही आहे.

पण त्या माणसाला नोकरीत मरायचं नव्हतं. हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं... असो. त्यांना स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. आधी त्यांनी वहिनींबरोबर डब्यांचा व्यवसाय केला, तो वहिनींच्या पाठदुखीने बंद पडला. मग भावाबरोबर फुलंब्रीला मक्याच्या पिठाची गिरणी टाकली, ती सुभाषना जमली नाही. आणि मग दौलताबादच्या रस्त्यावर एका बागवाल्याशी ओळख झाली. सकाळी पाटी घेऊन बसलेल्या बायांकडची न खपलेली सीताफळं संध्याकाळी गुरांना जातात, हे पाहून दाभाडे अस्वस्थ झाले. त्यांनी पडेगावला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, गर काढायचं यंत्र घेतलं, एक मोठी शीतपेटी घेतली. शहरातले आइस्क्रीमवाले आणि लग्नाचे केटरर त्यांचा गर घेऊ लागले. वस्तीतल्या सहा बाया कामाला आल्या. शबानाभाभी त्यातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात तिखट.

आता गंमत अशी की शेडवरही दाभाडेंनी टाइम ऑफिसच थाटलं. हजेरीची कार्डं, ओळखपत्रं, आणि पगार सात तारखेला, चिठ्ठीसकट. बायांना रोजच्या रोज किंवा बाजाराच्या दिवशी हातात पैसे हवे होते. पहिल्या पगाराच्या दिवशी मी तिथे होते. शबानाभाभींनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"साहब, इसका क्या करूं? गिरणीवाला इसपे दळण देता क्या?"

"भाभी, ठेवा जपून. उद्या कुणी विचारलं काय करता, तर दाखवायला व्हईल," दाभाडे म्हणाले.

"मेरेकू कौन पूछता? मेरा मरद बी नय पूछता."

सगळ्या बाया हसल्या, दाभाडेही. पण हट्ट सोडला नाही. वर्षभराने भाभींच्या लेकीच्या कॉलेजात आईच्या उत्पन्नाचा कागद मागितला, तेव्हा त्या चिठ्ठ्या कामाला आल्या. भाभींनी हे दाभाडेंना कधी सांगितलं नाही. "सर पे चढ जाते ना साहब," हे कारण त्यांनी मला त्या दवाखान्यातल्या बाकावर सांगितलं.

अडचण एकच होती, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. सीताफळ पिकायला लागलं की थांबत नाही. सकाळी कडक असलेलं फळ दुसऱ्या दिवशी बोटाने दबतं, तिसऱ्या दिवशी फुटतं. एका नोव्हेंबरात पाच तारखेला सगळा माल एकदम पिकला आणि यंत्र अडकलं. शेडवरून फोनवर फोन येत होते. इकडे रात्रपाळीच्या हजेरीत गोंधळ झालेला होता. "तुम्ही जा, मी बघते," मी म्हणाले. "एवढं जुळवतो आणि जातो," ते म्हणाले. जुळवता जुळवता संध्याकाळ झाली. ते पोचले तेव्हा गर काळा पडला होता. बायांनी तो पुरायला शेडमागे खड्डा खणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कामावर आले. दुपारी त्यांनीच विषय काढला.

"नोकरी सोडल्याबिगर हे व्हायचं नाय."

"मग सोडा."

"एप्रिलला. वर्षाचा हिशेब मधेच टाकून जाता येत नाय ना."

असे किती एप्रिल गेले. तेजूचं इंजिनिअरिंग, मग घराचं काम, मग कंपनीत पगाराची नवी संगणकप्रणाली. कारणं सगळी खरी होती, हेच वाईट. यंदा मात्र त्यांनी खरंच ठरवलं. साहेबांना सांगून टाकलं, त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीला काम शिकवायला सुरुवात केली. ऑगस्टमधला पगार आणि सप्टेंबरमधला पगार, एवढेच दोन उरले होते. पडेगावला जाऊन त्यांनी बायांना सांगितलं की या हंगामात मी रोज सकाळी शेडवर, फोन करायची गरज नाही. शबानाभाभी म्हणाल्या होत्या, "तो फिर हमारी आजादी गई समझो."

चार ऑगस्टला सकाळपासून ते डावा खांदा चोळत होते. घाम येत होता. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. मी रिक्षा बोलावली, ती गेटवर येऊन उभी राहिली.

"आठ तारखेचा नंबर लावलाय डॉक्टरचा," ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "सात होऊ द्या."

"दाभाडे, हे आठपर्यंत थांबायचं दुखणं नाही."

"व्हय, पण पगार बी थांबायचा नाय."

मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मलाही आठच म्हणाले हो... काल रात्रभर भांडले मी." साहेबांना सांगितलं. साहेबांनी समजावलं, दाभाडे हसून हो म्हणाले आणि बसून राहिले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला खुर्चीवरून उचलून कसं न्यायचं? रिक्षावाला बराच वेळ थांबला, मग निघून गेला. सहा तारखेला त्यांनी फाइल पाठवली, टेबल आवरलं, नव्या मुलीला "आता तुला जमंल" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे घरी कोसळले.

त्यानंतर मी मला जमतं ते केलं. यादी केली. दाखले, अर्ज, भविष्य निर्वाह निधीचे कागद, वहिनींचं कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेतली नावं. सगळं वेळेत झालं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, जेवणाची पानंही कमी पडली नाहीत. लोक म्हणाले, तुम्ही होतात म्हणून निभावलं. जे निभावायचं होतं ते चार तारखेला होतं.

राहिली शेड. ती चालवणार कोण? वहिनी तेजूकडे पुण्याला जाणार, सुभाषची शेती फुलंब्रीला, मला माझी नोकरी आणि आता दाभाडेंचंही काम. जागेच्या मालकाला दसऱ्यापासून नवा भाडेकरू मिळाला आहे. यंत्राला गिऱ्हाईक आहे. वहिनी म्हणाल्या, "बायांना तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही होणार."

मी गेल्या रविवारी गेले. काय बोलायचं ते रिक्षात मनात घोकलं होतं, तीन वाक्यं. शेडचं दार उघडं होतं. सहाही बाया आल्या होत्या. क्रेट धुऊन उन्हात पालथे घातले होते, यंत्राच्या जाळ्या चिंचेने घासून लख्ख केल्या होत्या. कुणी सांगितलं होतं त्यांना?

"आओ बाई," शबानाभाभी म्हणाल्या. "बागवाल्याचा फोन आलता. डोळे उघडायला लागले बोलता फळाचे, तोडायला आया. मैं बोली, भेज दे."

"भाभी..."

"हां, मालूम है. साहब नय है." त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला. "हम पिछले साल बी फोन पे-च चलाये ना. तुमको तो सब आता. कागद तुम देखो, फळ हम देखते."

बाकीच्या बाया कामं थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मला कागद बघता येतात. पण कोणत्या आइस्क्रीमवाल्याला किती गर, यंत्र बिघडलं तर कुणाला बोलवायचं, सकाळी सहाला बागेत कोण जाणार, आणि मुळात दसऱ्यानंतर हे छप्पर कुणाचं... घोकलेली तीन वाक्यं तशीच ठेवून मी चहा प्याले आणि परत आले.

काल बागवाल्याचा टेम्पो पहिली आठ क्रेट सीताफळं पडेगावला उतरवून गेला. भाभींनी ती मोजून घेतली, पेंढ्यात लावली आणि मला फोनवर कळवलं, "कडक है अभी. परसों तक हो जाते." मी बरं म्हणाले. आज बुधवार. उद्या फळं पिकतील, आणि शेड बंद होणार आहे हे त्या सहाजणींना मी अजून सांगितलेलं नाही.