‘येते’ म्हणणाऱ्या शुभाताई

शुभाताई शांतता शिकवणार आहेत हे ऐकल्यावर मी त्यांच्या तोंडावरच हसले. एसी किती ठेवायचा यावरून नवऱ्याशी ज्यांचं वर्षानुवर्षं युद्ध चालू आहे, त्या काय कपाळ शांतता शिकवणार? पण बाई नागपूरच्या, ऐकून घेतील तर शपथ. “हसून घे,” म्हणाल्या, “आणि शनिवारी मला स्टेटन आयलंडला सोड. त्या पुलावर ड्राइव्ह करायची मला भीती वाटते.” म्हणजे विद्यार्थिनी भेटायच्या आधी त्यांना ड्रायव्हर मिळाली.

न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये आमची घरं शेजारी-शेजारी. शुभाताईंनी जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. ले-ऑफ झाल्यावर घरात करमेना, म्हणून त्यांनी एका संस्थेचं ट्रेनिंग घेतलं. युद्धातून वाचून इकडे आलेल्या लोकांसाठी ती संस्था क्लास घेते. ज्यांच्याशी वैर होतं त्यांच्याशी बोलायचं कसं, मनातलं ओझं आणि रोजचा संसार यांचा तोल सांभाळायचा कसा, असलं काहीबाही. ताईंच्या वाट्याला श्रीलंकेच्या बायका आल्या. तिथलं युद्ध संपून पंधरा-सोळा वर्षं झाली. तरी स्टेटन आयलंडच्या लायब्ररीत क्लासच्या खोलीत तमिळ बायका खिडकीकडे बसायच्या, सिंहली बायका दाराकडे, आणि मधल्या खुर्च्यांवर सगळ्यांच्या पर्सेस. बोलणं इंग्रजीत, तेही फक्त ताईंशी. मी मागे बसून चहा प्यायचे आणि सगळं बघायचे.

खिडकीकडच्या सेल्वीला तिच्या मुलीने, यालिनीनेच आणून बसवलं होतं. यालिनीला डॅलसजवळच्या युनिव्हर्सिटीत नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती, स्कॉलरशिपसकट. सेल्वी तिला पाठवायला तयार नव्हती. पोरगी कोपऱ्यावर दूध आणायला गेली तरी ही फोन करत राहायची. हो-नाही कळवायची मुदत संपत आली होती. “आंटी, प्लीज टॉक टू हर,” यालिनी शुभाताईंना काकुळतीने म्हणाली होती. त्या पोरीसाठी माझाही जीव तुटायचा.

शुभाताईंनी शिकल्याप्रमाणे सगळे प्रयोग केले. डोळे मिटून श्वास घ्यायला लावला, कागदावर तराजू काढायला लावला. सेल्वी सगळं निमूट करायची. एकदाच म्हणाली, “माझा भाऊ घरातून बाहेर पडला तो परत आलाच नाही.” त्यावर खिडकीकडच्या बायकांनी माना खाली घातल्या आणि दाराकडच्यांनीही. मला तर वाटलं, पुलाचा टोल फुकट चाललाय.

त्या शनिवारीही क्लास तसाच कोरडा संपला. शुभाताईंचा चेहरा पडलेला. पर्स उचलून दाराशी गेल्या आणि हात हलवून म्हणाल्या, “ओके लेडीज, आय ॲम कमिंग.” मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं अमेरिकेत काढली तरी बाई निघताना हेच म्हणतात. ऑफिसात लोक त्यांची वाट बघत मीटिंग अडवून बसायचे म्हणे.

“कुठे कमिंग? तुम्ही तर निघालात,” सेल्वी म्हणाली.

“अगं, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात. जाते म्हटलं तर माणूस...” आणि शुभाताईंनी जीभ चावली. पण बोलून बसल्या होत्या.

सेल्वी हळूच म्हणाली, “आमच्यातही. पोयिट्टु वारन. जाऊन येते.”

“गिहिन् एन्नम्,” दाराकडून आवाज आला. ती कुसुम, सिंहली, कधीच तोंड न उघडणारी. “आम्हीही तेच म्हणतो. जाऊन येते.”

त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. आणि मग सेल्वीचा बांध फुटला. भाऊ गेला त्या सकाळी सायकलवरून तिचं त्याच्याशी भांडण झालं होतं. तो रागाने नुसतं ‘जातो’ म्हणून बाहेर पडला. आई म्हणाली, बोलव त्याला, नीट म्हणू दे. हिने बोलावलं नाही. “मी हाक मारली असती तर तो परत आला असता,” सेल्वी म्हणाली. एवढी वर्षं हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

शुभाताई गप्प. तिला काय अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायचं?

कुसुम उठली. मधल्या खुर्चीवरच्या पर्सेस तिने खाली ठेवल्या आणि सेल्वीच्या शेजारी बसली. “माझा भाऊ सैन्यात होता,” ती म्हणाली. “निघताना आईच्या पाया पडला. गिहिन् एन्नम् म्हणाला. आईला चुलीपाशी ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाला. तोही आला नाही.”

सेल्वी तिच्याकडे बघतच राहिली. “दोनदा म्हणाला?”

“दोनदा.”

मग सेल्वी जी रडली, ती छाती रिकामी होईपर्यंत रडली. कुसुमही रडली. कोणाच्या गोळीने कोणाचं माणूस गेलं हा प्रश्न त्या खोलीत होताच, पण त्या दिवशी तो कोणी काढला नाही. मला मात्र इतकं हलकं वाटलं की शुभाताईंना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

गाडीत त्या म्हणाल्या, “मी तर काहीच शिकवलं नाही गं.”

“गप्प बसलात ना? तुमच्या मानाने तेच पुष्कळ झालं,” मी म्हटलं.

त्याच रात्री सेल्वीने यालिनीला हो म्हणून कळवायला सांगितलं. ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्या नेवार्क एअरपोर्टवर होतो, कुसुमसुद्धा. यालिनीला उशीर झालेला. आईला घाईघाईत मिठी मारली आणि “ओके अम्मा, गॉट टू गो, बाय!” म्हणत ती सिक्युरिटीच्या रांगेकडे पळाली. शुभाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

सेल्वीने हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. हात वर करून म्हणाली, “जा, बाळा.” आणि पोरगी दिसेनाशी व्हायच्या आधीच वळून कुसुमला म्हणाली, “चल, काहीतरी खाऊ. भूक लागलीय.”