अर्धाच वर गेलेला हात

मी सांगायला बसलो की गोष्ट लांबते, अशी घरात तक्रार आहे. म्हणून आधीच सांगतो: सुदामा नगरात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक होतं, आणि ते चालू ठेवायचं की एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरायची, एवढाच प्रश्न होता. त्या हॉस्पिटलने व्यायाम करून घ्यायला पेशंटच्या घरोघरी आपली माणसं पाठवायला सुरुवात केली होती. आधी माझे पेशंट तिकडे गेले, मग मलाही तिकडूनच बोलावणं आलं.

बायकोला म्हटलं, "रविवारी आमच्या असोसिएशनची मीटिंग आहे. सगळ्यांनी मिळून हॉस्पिटलला विरोध करायचं ठरलं, तर नोकरीला नाही म्हणतो."

"आणि नाही ठरलं तर?"

मी पोह्यांवर अजून थोडी शेव घातली.

मीटिंगला सगळे माझ्यासारखेच, आपापलं क्लिनिक चालवणारे. अध्यक्ष म्हणाले, "हॉस्पिटलला विरोधाचं पत्र द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." मीही केला. तो अर्ध्यावरच अडकला. गेले काही महिने माझा उजवा खांदा जाम होता. पेशंटसमोर डाव्या हाताने निभावून न्यायचो.

"भिया, पूरा तो उठाओ," मागून कोणीतरी म्हणालं.

"एवढाच उठतो."

झालं! हॉलभर फिजिओ आणि समोर एक जाम खांदा. हात मोजणं राहिलं बाजूला, मला दोन टेबलं जोडून आडवं केलं. एकाने कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट.

"फ्रोजन शोल्डर. एकदम क्लासिक!"

"काय क्लासिक? आधी मान बघ ना यार."

मशीनवाले म्हणाले, शेक द्या. हातावर भरवसा असलेले म्हणाले, मशीनने आजवर कोणाचा खांदा सुटलाय? अध्यक्षजी माइक ठेवून आले आणि त्यांनी अंगठा रुतवला.

"ठरावाचं काय?" मी झोपूनच विचारलं.

"हिलो मत," ते म्हणाले.

मी पंख्याकडे बघत पडलो. राग यायला हवा होता, निदान हसू तरी. काहीच आलं नाही. दुखणंसुद्धा दुसऱ्या कोणाचं तरी असावं, तसं वाटत होतं. तेवढ्यात हॉलचा मॅनेजर आला. सगाईची पार्टी खाली थांबली होती, हॉल रिकामा हवा होता. ठराव पुढच्या मीटिंगवर गेला. मला मात्र तीन जणांनी तीन वेगळे व्यायाम दिले.

घरी बायकोने विचारलं, "काय ठरलं?"

"शेकायचं."

ती हसली नाही. मी हॉस्पिटलला फोन करून हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझ्याच एका जुन्या पेशंटकडे पाठवलं. गुडघेदुखीवाल्या काकू. दार उघडून त्या हॉस्पिटलने दिलेल्या माझ्या निळ्या टी-शर्टच्या पलीकडे, जिन्यात बघत राहिल्या.

"तुम्ही कसे? आज हॉस्पिटलवाला येणार होता."

"मीच तो, काकू."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग चपला बाहेरच काढा. आत्ताच पोछा झालाय."

मी काढल्या.