बंद पठाराच्या अलीकडे

आइसलंडला मी देश बघायला गेले नव्हते, वकिली करायला गेले होते. अशील आमचे बाबा आणि समोर माझी थोरली बहीण. ताई त्या देशाच्या उत्तरेकडच्या एका गावात, जमिनीतल्या गरम पाण्यावर ऊब धरणाऱ्या काचघरात टोमॅटो पिकवते. बाबांना ती भोपाळला परत यायला हवी होती, पण ते तिच्यासमोर बोलायची त्यांची छाती होत नव्हती. निघायच्या आधीच त्यांनी काम माझ्याकडे सोपवलं. "सभेत एवढी बोलतेस. हे पण तूच सांगजो तिला."

मी हो म्हटलं, कारण मला ते पटलंच होतं. शेतीचं शिक्षण इथे घ्यायचं आणि राबायचं कुठे, तर परक्यांना ऐन थंडीत टोमॅटो मिळावेत म्हणून बर्फात? हा कुठला न्याय? माझ्यासारख्या, पत्रकं लिहून हात तयार झालेल्या बाईला एवढा मुद्दा पुरतो. मथळासुद्धा विमानातच सुचला होता.

ताई राजधानीला तिची गाडी घेऊन आली. तिच्या गावापर्यंत एक दिवसाचा प्रवास होता. सकाळ उलटत आली तरी उजाडायचं नाव नव्हतं. खिळे ठोकलेले टायर बर्फावर करकरत होते. बाबा पुढे बसले होते, मी मागे. अखेर आभाळ निळसर झालं आणि दोन्ही बाजूंना पांढरा, उघडा मुलूख दिसायला लागला. बाबांची सगळी नोकरी भोपाळमधल्या करोंदच्या मंडीत धान्याची पोती बघण्यात गेलेली. ते खिडकीतून बघतच राहिले.

"एक शेत दिसून नाही राहिलं. खातात काय हे लोक?"

"मासे, मेंढ्या," ताई म्हणाली. "आणि माझे टोमॅटो."

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हणजे, कर सुरू. मी मान हलवली. अजून नाही.

उत्तरेला जायचं तर वाटेत एक उंच पठार ओलांडावं लागतं. त्याच्या पायथ्याशी पोचलो तर रस्त्यावर फाटक आडवं, वर दिवा लुकलुकतोय. आभाळ स्वच्छ होतं, बर्फ पडत नव्हता.

"काहून बंद आहे?" बाबांनी विचारलं.

"वर वारा आहे. गाड्या उलटतात."

"मग बोलून पाहा ना कोणाशी. कोणी साहेब असेल."

मी तोवर दार उघडायला लागले होते. ताई ओरडली, "दोन्ही हातांनी धर! उपटून जाईल दार!" खरंच, वाऱ्याने दार असं खेचलं की मी दारासकट बाहेर गेले असते. कशीबशी उतरले. चौकी नाही, शिपाई नाही, खुर्ची टाकून बसलेलं कोणी नाही. भोपाळला चार इमली भागात मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या फाटकांवर मी तासन्‌तास उभी राहिले आहे, दरबानाशी भांडले आहे, साहेबांच्या गाडीला आडवी गेले आहे. पण नुसत्या लोखंडाशी भांडायचं कसं? फाटकाच्या कडेला गाडी जाईल एवढी जागा होती आणि तिथल्या बर्फात एकाही चाकाची खूण नव्हती. आपल्याकडे एव्हाना स्कूटरवाल्यांनी पायवाट पाडली असती. मला त्या न उमटलेल्या खुणांचाच राग आला.

"इथे कोणी काही विचारतच नाही का, यार?" आत येऊन मी म्हटलं. "फाटक पाडलं की सगळे गुपचूप मागे?"

"विचारतात. गावच्या सभेत, उन्हाळ्यात. किती वाऱ्याला बंद करायचं, यावर चांगले भांडतात. आणि तू कोणाला सांगतेस? करोंद चौकात चक्काजाम कोणी केला होता? बाबा पलीकडे उन्हात स्कूटरवर अडकले होते."

"ते बसथांब्यासाठी होतं! लोकांनी ऐकावं म्हणून रस्ता अडवला आम्ही."

"हे पण ऐकावं म्हणूनच आहे," ताई म्हणाली आणि तिने गाडी वळवली.

मागे एक पेट्रोल पंप होता. परत फिरलेले सगळे तिथेच जमले होते. ट्रकवाले, दोन लहान मुलं घेऊन निघालेलं एक जोडपं, लोकर विणणारी एक म्हातारी. कोणाची कुरकुर नाही. मश्रूमचं गरम सूप होतं आणि वाडगा रिकामा झाला की पुन्हा भरून घ्यायची मुभा. बाबांचा त्यावर विश्वास बसेना. दुसऱ्यांदा घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीकडे बघून उगाच हसले.

ते परत येऊन बसले आणि मी सुरू झाले. व्यवस्थित बोलले. तिच्या शिक्षणाबद्दल, आपल्या मातीबद्दल, भोपाळला अयोध्या नगरच्या आपल्या घराला गच्ची आहे, तिथे हवं ते पिकव म्हणून. शेवटी म्हटलं, "तू गेल्याने कोणाचं भलं झालं, सांग." सभेत या वाक्यावर टाळ्या मिळतात.

ताईने ब्रेडला लोणी लावून ठेवलं. "हे तू बोलतेयस की बाबा?"

"मुद्दा कोणाचाही असो—"

"मुद्दा नको मला."

बाबा वाडग्यात बघत होते. मग हळूच म्हणाले, "मला एकट्याला करमून नाही राहिलं, पोरी. बस्स. बाकी मातीबिती काही नाही."

ताईचे डोळे भरले, पण आवाज नाही हलला. "मी नाही येणार, बाबा. तिथे येऊन मी तुमची मुलगी होईन, बाकी काहीच नाही. इथे मी काहीतरी आहे. तुम्ही दरवर्षी या, हवे तितके राहा. पण मी नाही येणार."

"बरं," बाबा म्हणाले.

एवढ्यावर संपलं? मी इतकी तयारी केली होती. पण मला खरं लागलं होतं ते दुसरंच. "एकट्याला म्हणजे काय? मी घरात नाही का? मी त्याच घरात राहते, बाबा!"

म्हातारीच्या सुया चालू होत्या. बाबांनी ब्रेडचा तुकडा सुपात बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहतेस ना. रात्री चप्पल दिसते दारात."

मला भांडायचं होतं. लोकांची कामं असतात, मी काही चैन करत नाही, हे सगळं जिभेवर होतं. पहिल्यांदाच मला असं वाटलं की बाजू बरोबर असूनही बोलण्यात अर्थ नाही.

दिवस मावळायच्या आत फोनवरच्या नकाशात आमच्या रस्त्याचा रंग बदलला, म्हणजे फाटक उघडलं. ट्रकवाले उठले, टोप्या घातल्या, निघाले. या वेळी बाबा पुढे बसले नाहीत, माझ्याशेजारी मागे येऊन बसले. ताई सावकाश चालवत होती. पठारावर वाऱ्याचा एखादा धक्का आला की ती स्टीअरिंग जरासं वळवून गाडी सरळ ठेवायची. बाबांचं लक्ष तिच्या हातांवर होतं. बराच वेळ बघून ते माझ्याकडे वळले.

"रविवारी तुमची ती बसथांब्याची बैठक असते ना? कुठे असते?"

"आपल्याच गल्लीत, बाबा. देवळाच्या ओट्यावर."

"असं? मला कोणी सांगितलं नाही."

"असं कसं? मी स्वतः घरोघर जाऊन सांगते सगळ्यांना."

"आपलं घर सोडून," बाबा म्हणाले. चिडून नाही, नुसती माहिती दिल्यासारखं.

ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"परत गेलो की पहिल्या रविवारी या," मी म्हटलं. "पाचला असते. घोषणा द्याव्या लागत नाहीत."

"बघू," बाबा म्हणाले. "आधी विषय काय ते नीट सांग. सुरुवातीपासून."

पठार संपेपर्यंत मी सांगत होते. ते मधे मधे अडवत होते, मंडीतल्या माणसासारखे, प्रत्येक दाणा हातावर घेऊन.