साठावा डबा

माझी मावशी चिडली की आधी चष्मा काढते, मग पुसते, मग परत घालते आणि म्हणते, "असू दे." या 'असू दे'चे सात प्रकार मला हुबेहूब येतात. गेल्या महिन्यात तिने आठवा काढला.

इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं तंत्रज्ञ आहे. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं, आईला ताप भरला, की वरच्या प्रसूतिकक्षातून वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी नाळेची गादी, खाली येते. बाळाभोवतीच्या पिशवीचा पडदा तिलाच चिकटलेला असतो. मावशी त्या पडद्याची पट्टी कापते, वळकटी करते, मेणात बसवते, केसाहून पातळ काप काढते. मग डॉक्टर भिंगाखाली बघून सांगतात, पडद्याला संसर्ग होता की नव्हता. चौथ्या दिवशी!

"परीक्षा संपल्यावर अभ्यासक्रम वाटायचा," मावशी फणकारते. "बाळ काचेच्या पेटीत, आणि आम्ही सांगणार, हो हो, होता बरं का संसर्ग!"

म्हणून तर ती या संशोधनाच्या मागे हात धुऊन लागली होती. जगभर सध्या हीच खटपट चाललीय, की बाळ पोटात असतानाच कळावं. कुणी आईच्या रक्तात खुणा शोधतंय, कुणी गर्भजलात जंतूंचे अंश. मावशीच्या डॉक्टरांकडे गर्भजलाच्या थेंबाने वीस मिनिटांत रंग बदलणारी पट्टी तपासायला आली होती. ती खरं बोलते का, हे ताडायला साठ वारा हव्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पडद्यावरचे जंतू बशीत वाढवून बघायचे होते. मुदत शुक्रवारची. साठ भरले नाहीत तर पट्ट्या परत, काम बंद.

जंतू वाढवायचे तर वार कोरड्या डब्यात यायला हवी. एरवी डब्यात फॉर्मलिन असतं. त्यात वार टिकते, जंतू मरतात. मेलेले जंतू वाढणार काय, कपाळ?

मावशीने वर सूचना लावली. दिवसातून तीनदा फोन केले. तिथल्या सिस्टर प्रत्येक शब्द घडी घालून ठेवतात. "हो... ताई... सांगते... मुलींना." तरी नऊ वारा फॉर्मलिनमध्ये बुडूनच आल्या. जेवताना मावशीचं एकच पालुपद, "वाचता येत नाही का त्यांना?"

शुक्रवारी एकोणसाठ झाले होते. अकराच्या सुमारास शेवटची वार आली. पट्टीने वरच गडद, म्हणजे संसर्गाचा, रंग दाखवला होता. मावशीने झाकण उघडलं आणि फॉर्मलिनने नाकात झिणझिण्या आल्या. तिने वर फोन लावला.

"सिस्टर, आजसुद्धा ओतलंत?"

"आम्ही... नाही... ओतलं, ताई. डबा तुमच्याकडूनच भरून आला. झाकणावर 'कोरडा' लिहिलंय. अक्षर... तुमचंय."

अक्षर तिचंच होतं. दर सोमवारी ती डबे रांगेने मांडून फॉर्मलिन भरते. डोक्याने कोरड्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, हाताने सवयीने त्यांतल्या काहींतही ओतलं.

"मग आधीचे नऊ?"

"तेव्हाही... सांगत होते, ताई. तुम्ही फोन ठेवून द्यायचात."

डॉक्टर 'तत्त्वतः'शिवाय तोंड उघडत नाहीत. "तत्त्वतः, जंतू वाढणार नाहीत हे खरंच आहे ना? मग 'वाढ नाही' लिहा. साठ होतात."

"आणि पट्टी खोटी ठरेल, सर. तिचा काय दोष?"

"तत्त्वतः, एकाने काय फरक पडतो हो?"

मावशीने नोंदवहीत लिहिलं, 'नमुना बाद. डब्यात फॉर्मलिन होते. भरणारी मी.' एकोणसाठावरच काम थांबलं. सोमवारी पट्ट्यांची खोकी बांधली गेली.

मंगळवारी त्याच वारेच्या पडद्याचे काप तयार झाले. डॉक्टर भिंगावरून मान वर न करताच म्हणाले, "संसर्ग. पक्का." एकदाही 'तत्त्वतः' नाही. पट्टी खरं बोलली होती, चार दिवस आधी.

मावशी अहवाल घेऊन स्वतः वर गेली. सिस्टरनी त्याची घडी घातली. "बाई... काल... घरी गेली, ताई. बाळ आहे पेटीत."

घरी आल्यावर मावशीने चष्मा काढला, पुसला, घातला. "असू..." एवढंच आलं. 'दे' आलाच नाही.

कोरडे डबे ती आता उपडे घालून ठेवते. ते मागायला कुणीच येत नाही.