‘माकडहाड’ मारुतीच्या देवळात

श्री. धनसिंग राठोड सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या हापशावर झाली. औंढा नागनाथ तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून त्याच दिवशी रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला गेले, तर विज्ञानाचे शिक्षक बाह्या सारून बैलाची कवटी सोडा लावून घासत बसलेले. भोवती मुलांचा घोळका. पिण्याच्या पाण्याच्या जागी हा काय प्रकार, असे मी चढ्या आवाजात विचारले. सरांनी कवटी बाजूला ठेवली, आधी हापशाची फरशी स्वच्छ धुऊन दिली आणि मग म्हणाले, “बाई, हा आमच्या घरचा बैल. जन्मभर नांगर ओढला यानं. आता शिकवणार हाय.”

आणि तो बैल पुढे कित्येक वर्षे शिकवत राहिला. विज्ञानाच्या खोलीत त्याच्या शेजारी शेळीची आणि कुत्र्याची कवटी आली. मुलांनी तिन्हींवर हात फिरवून सारखे काय आणि वेगळे काय ते शोधायचे, वहीत काढायचे आणि मगच पुस्तक उघडायचे, अशी सरांची पद्धत होती. पोळ्याच्या दिवशी मात्र सर त्या कवटीला कुंकू लावत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवले, प्रयोगशाळेत कुंकू कशाला म्हणून. सर शांतपणे म्हणाले, “सण हाय साहेब आज त्याचा. उद्या पुसून दातांचा पाठ घेतो.” साहेबांना यात हसावे की शेरा लिहावा हे कळले नाही. ते दुसऱ्या वर्गाकडे वळले.

सरांचा जन्म तांड्यावरचा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरलेले, पुढच्या पिढ्या शेतीत स्थिरावलेल्या. घरात देवधर्म पक्का. सरांनी तो कधी टाकला नाही आणि कधी मिरवलाही नाही. वर्गात मात्र त्यांची दोन वाक्ये प्रसिद्ध होती : “मला ठाऊक न्हाई” आणि “उद्या सांगतो”. दुसऱ्या दिवशी ते खरोखर सांगत. मोठ्या पदावरच्या माणसांच्या तोंडून मी यातले पहिले वाक्य क्वचितच ऐकले आणि दुसरे पाळलेले त्याहूनही क्वचित पाहिले.

त्यांच्या माणुसकीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझे यजमान नांदेडला दवाखान्यात होते, तेव्हा माझे दहावीचे तास सरांनी कोणी न सांगता अंगावर घेतले. मी परतले तेव्हा मुलांनी तक्रारींचा पाढा वाचला. कवितेत चंद्र हसला की सर विचारत, कोणी पाहिला? माझी वर्षभराची मेहनत त्यांनी पार उलटीपालटी करून ठेवली होती. परंतु एकही तास चुकला नव्हता आणि एकही मूल रिकामे बसले नव्हते.

तांड्यावरची कुटुंबे ऊसतोडीला निघाली की मुलींची शाळा सुटायची. सरांनी त्या मुलींना आपल्या घरी ठेवून घेण्याचा पायंडा पाडला. त्यांच्या पत्नी सीताबाई वहिनींनी भाकरी थापताना कधी हात आखडला नाही. अशाच एका मुलीने दहावीच्या वर्गात, उत्क्रांतीचा धडा संपल्यावर, उभे राहून विचारले, “सर, हे खरं असलं तर माझा आजा खोटा हाय का?” तिचे आजोबा रोज पहाटे देवाजवळ दिवा लावणारे. सर नेहमीप्रमाणे “उद्या सांगतो” म्हणाले. पण त्यांना ते दुसऱ्या दिवशी सांगता आले नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. ती मुलगी शाळा सोडून गेली, तिचे लग्न झाले, सर निवृत्त झाले. तोंडी देता न आलेले ते उत्तर त्यांनी शेवटी लिहून काढायला घेतले. त्यातून ‘माकडहाड’ ही किशोरांसाठीची कादंबरी जन्माला आली.

कथा थोडक्यात सांगते. जमना ही तांड्यावरची नववीतली मुलगी. ती गाडीवरून पडते. डॉक्टर म्हणतात, माकडहाडाला मार लागला. माणसाला माकडहाड कशाला, एवढ्या प्रश्नापासून ती शाळेतल्या मास्तरांचे बोट धरून मागे मागे जात राहते, तो थेट पृथ्वीवरच्या पहिल्या जिवापर्यंत. आणि जसजशी ती मागे जाते तसतशी तिला भीती वाटू लागते, की यातले सगळे शिकले तर आजोबांचा देव आपल्या हातून निसटेल आणि देवाबरोबर आजोबाही.

हस्तलिखित माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आले. मी ते परत केले. लेखनात चुका होत्या, पण परत करण्याचे कारण ते नव्हते. मी सरांना स्पष्ट सांगितले, “तुमचा मास्तर फार जिंकतो. आजोबांना तुम्ही नुसते हरायला उभे केले आहे. अशी लढाई मुले दोन पानांत ओळखतात.” त्यानंतर सर काही महिने रोज संध्याकाळी गावातल्या मारुतीच्या पायरीवर जाऊन बसू लागले. जुन्या माणसांना प्रश्न विचारायचे, वाद घालायचा, ऐकायचे. दुसऱ्या खेपेला हस्तलिखित आले तेव्हा आजोबा असे काही बोलत होते की मलाच पेन खाली ठेवावे लागले. आता कोण जिंकणार हे वाचकाला आधी कळत नव्हते.

पुस्तक छापून झाले. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. ग्रंथालयाच्या कपाटात प्रती ठेवल्या, मुले नेऊ लागली. आणि मग कोणीतरी एका पानाचा फोटो काढून मोबाईलवर फिरवला. त्या पानावर जमना आजोबांना म्हणते, “आजा, आपल्याला कोणी घडवलं न्हाई. आपण होत होत झालो.” पान तिथेच संपत होते. गावाने एवढेच वाचले.

मारुतीच्या देवळात दर श्रावणात पोथी लागते. ती वाचणारे आणि तिचा अर्थ सांगणारे बापूराव हे बागायतदार, वजनदार आणि सरळ गृहस्थ. शब्दाला पक्के. त्यांनी सरांना भर चौकात अडवले. “सर, तुमचे पूर्वज असतील माकड, आमचे न्हाईत.”

सर म्हणाले, “माकड आपला बाप न्हाई बापूराव, भावकीतलं हाय. आन् मूळपुरुष तुमचा माझा एकच. त्याची वाटणी होत न्हाई.”

लोक हसले. बापूरावही हसले आणि आपण हसलो याचाच त्यांना जास्त राग आला.

प्रकरण संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेले. सगळ्या शाळांतून पुस्तक काढून घ्या, असा मला त्यांचा फोन आला. मी म्हटले, लेखी पाठवा. लेखी आले नाही, कपाट उघडे राहिले. पण असे फार दिवस चालणार नव्हते हे मलाही कळत होते. मग अध्यक्षांनी आपल्या मते फार सोयीचा तोडगा काढला. पुस्तकाच्या आरंभी एक पान जोडायचे : मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने हे सगळे आपल्या दशावतारात आधीच सांगितले आहे. एवढे केले की पुस्तक संस्थेच्या प्रत्येक शाळेत जाईल, नाहीतर एकाही शाळेत राहणार नाही.

हितचिंतकांनी सरांना गळ घातली. एका पानाने काय बिघडते? सर ठाम होते. ते म्हणाले, “तसं लिहिलं तर देवाला माझ्या सहीची गरज लागली असं व्हतंय, आन् विज्ञानाला पुराणाची. मी दोघांचा अपमान करणार न्हाई.” गंमत अशी की बापूरावांनाही तो तोडगा मुळीच पसंत नव्हता. अवतार ही लीला आहे, तो काय जीवशास्त्राचा धडा आहे का, असे ते ओट्यावर सुनावत होते. दोन्ही बाजूंचे एकमत झाले ते एवढ्या एकाच मुद्द्यावर. सरांचे आयुष्यातले एकमेव पुस्तक मुलांच्या हातून जाणार हे त्यामुळे जवळजवळ ठरलेच.

शेवटचा घाव घालायला बापूरावांनी जाहीर केले, की फोटोतले ते पान आपण देवळात सगळ्या गावासमोर वाचून दाखवणार. गावाने ऐकावे आणि गावानेच ठरवावे. संध्याकाळी सभामंडप भरला. मी बायकांत बसले होते, सर मागे खांबाला टेकून. बापूरावांनी पुस्तक चौरंगावर ठेवले आणि खूण घातलेले पान उघडले. एवढ्यात गयाबाई बोलल्या. गयाबाई म्हणजे जन्मभर पहिल्या रांगेत बसून पोथी ऐकलेली म्हातारी.

“मधूनच काहून उघडून राहिला रे बापू? चौरंगावर ठिवलं ना? मंग पयल्यापासून वाच.”

“गयाकाकू, ही काय पोथी हाय का?”

“मंग चौरंगावर काहून ठिवलं?”

आमच्याकडचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. चौरंगावर आलेला ग्रंथ आरंभापासून वाचायचा, धरलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही, मधून कोणी उठायचे नाही, आणि वाचणाऱ्याने शेवटी अर्थ सांगायचा. हा नियम गावात सर्वांत कडकपणे पाळणारे खुद्द बापूरावच. मागून कोणीतरी म्हणाले, की या मारुतीच्या देवळात माकडाचे वावडे कशाला. हशा पिकला. बापूरावांनी पान मिटले आणि पहिल्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात केली.

ते वाचन रोज संध्याकाळी चालले. बापूराव उत्तम वाचतात. रागाने वाचायला बसलेला माणूसही वाईट वाचू शकला नाही. जमना गाडीवरून पडली तेव्हा बायका हळहळल्या. आजोबा डॉक्टरशी भांडले तेव्हा पुरुष हसले. तांड्यावरची माणसे येऊ लागली, शाळेची मुले तर होतीच. फोटोतले ते पान आले तोवर जमना गावातल्या प्रत्येकाची लेक झाली होती.

बापूरावांनी ते वाक्य वाचले, “आपण होत होत झालो.” त्यांनी पान उलटले. फोटोत न आलेले पुढचे पान. त्यावर आजोबांचे उत्तर होते.

“होत होत झालो म्हणतीस? मंग होऊ देणारा बसला असंल बघत. माझ्या देवाला काय घाई हाय का, पोरी?”

बापूराव थांबले. पुन्हा वाचले, मनातल्या मनात. मग चष्मा काढून खांबाकडे पाहिले. “सर, हे मी बोल्लो होतो. ह्याच पायरीवर.”

“व्हय,” सर म्हणाले. “त्याहून चांगलं मला सुचलं न्हाई.”

ज्या माणसाला आपल्या श्रद्धेची टवाळी झाली असे वाटत होते, त्याच माणसाचे शब्द त्या पुस्तकात सर्वांत उंच जागी बसवलेले होते. शब्दन् शब्द, एक अक्षर न बदलता. हे त्याला सगळ्या गावासमोर स्वतःच्याच तोंडाने वाचावे लागले. पण अध्याय अर्धा सोडायचा नसतो. बापूरावांनी चष्मा चढवला आणि तो पुरा केला. त्यानंतरच्या संध्याकाळी पुस्तक समाप्त झाले. त्याच्या शेवटच्या पानावर आजोबा देवाजवळ दिवा लावतात, जमना त्यांच्या शेजारी बसून वाचत राहते आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला उठ म्हणत नाही.

“अर्थ सांग आता,” गयाबाई म्हणाल्या.

बापूरावांनी पुस्तक मिटून चौरंगावर ठेवले. मग म्हणाले, “मला त्ये माकडाचं पटलं न्हाई, आन् पटणार बी न्हाई. पर यातला आजा मागं सरत न्हाई, आन् पोरगी खोटं बोलत न्हाई. पुस्तक शाळंत ऱ्हाईल.”

शेंगदाणे आणि गूळ वाटला गेला. दुसऱ्या दिवशी बापूरावांनी स्वतः अध्यक्षांना निरोप धाडला, की गावाने ऐकले आहे आणि गावाची हरकत नाही. दशावताराचे पान जोडायची गरज उरली नाही. ‘माकडहाड’ जसेच्या तसे संस्थेच्या प्रत्येक शाळेत गेले. ज्यांनी ते काढून घ्यायला सांगितले होते, त्यांनीच पुढच्या आवृत्तीच्या प्रकाशनाला हार घालून घेतले. सरांनी त्यांना मनापासून नमस्कार केला. मी केला नसता.

त्या पहिल्या प्रश्नकर्तीलाही उत्तर पोहोचले. समाप्तीला ती माहेरी आली होती, कडेवर लेकरू घेऊन. ती सरांच्या पाया पडली आणि एवढेच म्हणाली, “सर, उद्या लई लांबला तुमचा.” सरांचे डोळे भरलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

आज आखाडा बाळापूरच्या बाजारात मुली मला थांबवून विचारतात, जमनाचे पुढे काय झाले. बापूरावांची नात सध्या जीवशास्त्र शिकते आहे. तिने तर सरांशी भांडणच मांडले. आजोबांच्या त्या उत्तरावर जमना गप्प का बसते? तिच्याकडेही बोलण्यासारखे होते. सरांना ते पटले आणि पंच्याहत्तराव्या वर्षी ते पुन्हा लिहायला बसले आहेत. बापूरावांनी त्यांना एकच अट घातली आहे, की दुसऱ्या भागात आजाला मारायचे नाही. सरांनी शब्द दिला आहे.

तेव्हा या गौरवग्रंथाच्या निमित्ताने माझी सरांना हक्काची सूचना आहे. आपली नजर शाबूत राहो, हात न थरथरो, सीताबाई वहिनींच्या हातची भाकरी आपल्याला गोड लागत राहो. आपण शंभरी खुशाल ओलांडा. हस्तलिखित माझ्याकडेच यायचे आहे आणि मी ते पहिल्या खेपेला मान्य करणार नाही, हे धरूनच आयुष्याचा हिशेब ठेवा. जमना बोलणार आहे. तिचे बोलणे भर मंडपात वाचायला बापूराव आपला आवाज जपून आहेत, आणि त्यावर आजोबा काय म्हणतात ते ऐकायला सारे गाव मांडी घालून बसणार आहे.