अकरा एक्केचाळीसचा मुहूर्त

बाबांना तळमजला हवा होता. हौस म्हणून नव्हे. दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आमच्या सोसायटीची नवी इमारत तळमजला अधिक तीन, बिनलिफ्टची. बारा सभासद, बारा घरं, तळाला तीनच. आजारपण बघून घरं द्यायची का, यावर वर्षभर भांडण झालं. बारापैकी नऊ घरांतून गुडघे नाहीतर कंबर निघाली, तेव्हा सोडतच बरी असं ठरलं. निघालं ते निघालं, बदल नाही, यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

सोडतीचा प्रोग्राम मी लिहिला. चिठ्ठ्यांवर कोणाचा विश्वास नव्हता आणि मी नोकरीत हेच करते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आता संगणकाला काही डोळे मिटून चिठ्ठी उचलता येत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, सीड म्हणतात त्याला. त्या आकड्यावरून तो पुढचे आकडे काढत जातो. ते दिसतात अगदी वेडेवाकडे, पण सीड तेच दिलं तर हजार वेळा चालवा, यादी तीच येणार. मी सीड घेतलं घड्याळावरून, तारीख, तास आणि मिनिट. सेकंद मुद्दाम सोडले, म्हणजे उद्या कोणी आक्षेप घेतलाच तर लिहून ठेवलेली वेळ टाकून तीच यादी परत काढून दाखवता येईल. काय हुशारी केली, असं वाटत होतं मला.

आमचे अध्यक्ष निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी पंचांग बघून मुहूर्त काढला, अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं, आणि तो निमंत्रणपत्रिकेवर तारखेसकट छापून आठ दिवस आधी घरोघरी वाटला. माझ्याही फ्रिजवर ती पत्रिका लावलेली होती. रोज दूध काढताना दिसायची. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

सोडतीच्या दिवशी मी बाबांना घेऊन अकरालाच हॉलवर पोचले. प्रोग्राम नीट चालतो ना ते बघू म्हणून लॅपटॉप उघडला, पडद्याची वायर अजून जोडायची होती. मुहूर्ताची वेळ नीट उमटते का, म्हणून लॅपटॉपचं घड्याळ अकरा एक्केचाळीसवर नेलं आणि बटण दाबलं. यादी आली. बाबांच्या नावापुढे घर क्रमांक दोन, तळमजला.

एवढा आनंद झाला की हसूच आलं. मग लक्षात आलं, मुहूर्ताचं सीड हेच. परत चालवलं, तीच यादी. ही काही रंगीत तालीम नव्हती. चाळीस मिनिटांनी सगळ्यांसमोर लागणारा निकालच माझ्यासमोर होता.

मला फक्त गप्प बसायचं होतं. कोणाला कळलं नसतं, कोणी विचारलं नसतं. समोरच्या खुर्चीत बाबा बसले होते, गुडघ्याला पट्टा बांधून, हातात पाण्याची बाटली. मी पंधरा मिनिटं नुसती त्या स्क्रीनकडे बघत बसले. खरं सांगते, गप्प बसायचं माझं जवळजवळ ठरलंच होतं.

"काहून वं, चेहरा काहून उतरला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि उठून अध्यक्षांना बाजूला घेतलं.

त्यांनी ऐकलं, कपाळ पुसलं. "दोन मिनिटं उशिरा दाबू नं मग. मुहूर्त थोडा पुढे गेला, काय बिघडते?"

"अन् कोणतं मिनिट धरायचं ते कोण ठरवणार? मीच नं? मले तर सगळ्या मिनिटांच्या याद्या काढून बघता येतात!"

मग मीच माईक घेतला, चूक सांगितली आणि नवा मार्ग सुचवला. सगळ्यांनी कागदावर मनाला येईल तो चार आकडी अंक लिहायचा, घडी घालून टेबलावर ठेवायचा, मग सगळ्यांसमोर उघडून ते बारा अंक सलग जोडायचे आणि तेच सीड धरायचं. कोणा एकाच्या हातात काही राहणार नाही.

मागून एक काका उभे राहिले. "ते ठीक आहे. पण मुहूर्ताच्या यादीत तळमजला कोणाले लागून राहिला होता?"

"एक माझ्या बाबांना."

हॉलमध्ये एकदम कुजबूज सुरू झाली. "वा रे वा!" कोणीतरी म्हणालं. मी आधी काय करणार होते ते मलाच माहीत, म्हणून तो टोमणा जास्त झोंबला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मांडीवर कागद ठेवून आपला अंक लिहिला.

बारा घड्या उघडल्या, आकडे वाचले, मी टाइप केले. बटण दाबलं. बाबांना अकरा नंबर लागला, तिसरा मजला. दोन नंबर एका नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला. दोघं धडधाकट, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारे. मला त्यांचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू? त्यांचा काही दोष नव्हता.

किल्ल्या तिथंच मिळाल्या. घर बघायला बाबा मागे लागले. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. कठडा धरून एकेक पायरी दोन्ही पाय ठेवत चढले, दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले. श्वास लागला होता.

"मले विचारायचं तरी होतं," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर काय म्हटलं असतं तुम्ही?"

त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडून परत आवळला.

"गप बस म्हटलं असतं," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी धरून उठवलं. अजून एक मजला बाकी होता.