आप्पांचा वर गेलेला हात

पाच किलोमीटर, तीस मिनिटांच्या आत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला हे वेड का लागावं, असं बेळगावात टिळकवाडीतल्या शेजारणींनी आडून आणि घरच्यांनी तोंडावर विचारून झालं होतं. विचारलं की मी चिडायचे. चिडणं हा तसा माझा स्थायीभावच आहे. तीन वर्षं झाली, प्रत्येक शर्यतीत काही सेकंद आडवे यायचे. आमच्या धावण्याच्या ग्रुपमधली तरुण पोरं "मॅडम, पुढच्या वेळी नक्की" म्हणायची, तेव्हा तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

निपाणीच्या शर्यतीला आप्पा, म्हणजे माझे वडील, बरोबर आले ते काही माझं धावणं बघायला नव्हे. त्यांची बहीण निपाणीला असते. गाडी जातेच आहे तर तिला भेटून येऊ, एवढाच त्यांचा विचार. आप्पांचा जन्म बेळगावातल्याच विणकरांच्या वडगावात मागावर गेला, आधी हातमाग आणि मग पॉवरलूम. पॉवरलूमनं घर उभं केलं आणि त्यांचे कान नेले. आता कानाशी ओरडलं तरी निम्मंच पोचतं.

पण आमच्या घरी कानांवाचून फारसं अडत नव्हतं. सगळे माग सुरू असले की मागाच्या खोलीत बोललेलं ऐकूच यायचं नाही, म्हणून तिथं हातानं बोलायची रीत. कांडीवरचं सूत संपलं, चहा आलाय, पाहुणे आलेत, सगळ्याला खुणा. त्यातली सगळ्यात मोठी खूण म्हणजे सरळ वर गेलेला तळहात. माग थांबव! तो हात दिसला की आधी थांबवायचं, कारण नंतर विचारायचं. कुठेतरी ताण्यातली तार, म्हणजे उभा धागा, तुटलेली असते, आणि तुम्ही विचार करत बसलात तर तेवढ्यात साडी बिघडून जाते. सुट्टीत मीही मागावर उभी राहायचे. वर गेलेल्या हाताला मी कधी 'का' म्हणून विचारलेलं आठवत नाही, आणि एरवी मी देवालाही सोडत नाही.

त्या सकाळी निपाणीत सगळं जुळून आलं होतं. हवेत गारवा, पाय हलके, श्वास ताब्यात. चौथा किलोमीटर संपताना घड्याळ बघितलं आणि कळलं, आज होतंय. शेवटच्या वळणानंतर शर्यत संपायची कमान दिसली. मराठीत आणि कानडीत आलटून पालटून ओरडणारा माईक, ढोलताशे, टाळ्या. गर्दीच्या पुढे आत्याच्या शेजारी आप्पा उभे होते. त्यांचा हात सरळ वर गेला.

मी थांबले.

तिथल्या तिथे थांबले. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळता आदळता राहिला आणि कानडीत काहीतरी बोलून गेला. मला ते कळलं, पण इथं लिहीत नाही. आप्पांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. उजव्या बुटाची नाडी सुटून लोंबत होती. निदान तेव्हा तरी तशीच पळायचं! पण मी खाली वाकले आणि नाडी नीट दुहेरी गाठ मारून बांधली. मग भानावर येऊन धावले. कमानीखाली पोचले तेव्हा तीस मिनिटं होऊन गेली होती. नाडी बांधायला जेवढा वेळ लागला, तेवढाच वर.

मला रागानं रडू फुटलं. मी आप्पांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आप्पा, कमान समोर दिसत हुती की!"

"नाडी सुटल्याली," आप्पा म्हणाले. "पायात आली असती म्हंजे?"

"आली असती तर आली असती!"

"आसं कसं? सुटलं की थांबायचं. बांधायचं आन् मग जायाचं."

पुढे वाद घालायला माझ्याकडे आवाज होता, त्यांच्याकडे कान नव्हते. खुणेनं सांगावं, तर आमच्या खुणांमध्ये रागाला खूणच नाही. माग सुरू असताना रागवायला उसंत कुणाला होती? बेळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि आप्पा आत्यानं दिलेला लाडवांचा डबा मांडीवर घेऊन गाढ झोपले.

पुढची शर्यत बेळगावातच होती. आदल्या दिवशी मी त्यांच्या कानाशी जाऊन स्पष्ट सांगितलं, "उद्या येऊ नका." त्यांनी नुसती मान हलवली. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आणि त्या शर्यतीत ते झालं. तीसच्या आत, अगदी सुखरूप आत. पोरांनी मला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मी फोटोत हसलेय, आणि ते हसणं खोटं नाही. पण शेवटच्या वळणावर माझे डोळे गर्दीत आप्पांना शोधत होते. तो हात दिसला असता तर मी पुन्हा थांबले असते, हेही मला पक्कं ठाऊक होतं. ते नसल्याचं मला वाईट वाटलं, आणि ते नव्हते म्हणून जमलं याचं त्याहून जास्त.

घरी न जाता मी तशीच घामेजलेली वडगावला माहेरी गेले. आप्पा दारातल्या पायरीवर बसले होते. वहिनी म्हणाली, सकाळपासनं तिथंच हायत, चहाबी भाईरच घेतला. मी गळ्यातलं पदक काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं आणि न बघताच शेजारी ठेवलं. मग वाकून माझे दोन्ही गुडघे बघितले, हात उलटेसुलटे करून तळवे बघितले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"पडलीस न्हाईस न्हवं?"

"न्हाय आप्पा," मी म्हणाले, पण ते काही त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. मग मी मान हलवून सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी पदकाकडे बघितलं.